पॅलेस्टाईनला मान्यता मिळाली, पण वारसा कोण सांभाळणार? देश, दफ्तर आणि कशिदा

मोडीवाचक (धागाकर्ता)

सप्टेंबर 2025 मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि पाठोपाठ फ्रान्सने पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली तेव्हा आमच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज आले, एक म्हंजे "चला, झाले एकदाचे स्वतंत्र" आणि दुसरा "नुसते कागदी घोडे". दोन्ही वाचून माझं समाधान झालं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी आपल्या देशाचं. भारताने ही मान्यता 1988 लाच दिलीय. 15 नोव्हेंबरला अल्जियर्समध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, मसुदा महमूद दरविश या कवीचा आणि वाचणारे यासर अराफत, आणि तिसऱ्या दिवशी म्हंजे 18 तारखेला आपण मान्यता देऊन मोकळे. त्याआधी 1974 मध्ये पीएलओला, म्हंजे अराफत यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला, मान्यता देणारा पहिला बिगर-अरब देश आपणच होतो, आणि 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाला विरोध करणाऱ्या 13 देशांत भारताचं नाव आहे. तर हा विषय "त्यांचं ते बघतील" म्हणून सोडून देण्याइतका लांबचा नाही. आज संयुक्त राष्ट्रांच्या 193 पैकी साधारण 157 देश पॅलेस्टाईनला देश मानतात.

आता प्रत्यक्षात काय आहे ते बघू. नव्वदच्या दशकात इस्रायल आणि पीएलओमध्ये झालेल्या ओस्लो करारात वेस्ट बँकचे ए, बी, सी असे तीन भाग पाडले, पाच वर्षांची तात्पुरती सोय म्हणून. त्यातला सी म्हंजे जवळपास 60 टक्के जमीन, आणि तिथे घर बांधायचं, विहीर खणायची, साधी शेड टाकायची तरी परवानगी इस्रायली लष्करी प्रशासनाकडून. आयात मालावरचा कर इस्रायल गोळा करतं आणि नंतर पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हंजे तिथल्या मर्यादित अधिकारांच्या सरकारला, देतं, वाद झाला की थांबवतं. चलन शेकेल. वेस्ट बँकमध्ये मोबाईलला 3जी मिळालं जानेवारी 2018 मध्ये, तेव्हा आपल्याकडे गावोगावी 4जी होतं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे जन्माची नोंद. रामल्लात मूल जन्मलं की तिथलं ऑफिस दाखला देतं, पण लोकसंख्येच्या मूळ रजिस्टरवर शेवटचा ताबा इस्रायलचा. गाझाचा पत्ता बदलून वेस्ट बँकचा करायचा, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावाची भर घालायची, सगळं तिकडून मंजूर होऊन यायला लागतं. म्हंजे आपण कोण, कुठले, हे लिहिलेलं पुस्तकच दुसऱ्याच्या कपाटात.

मी जुनी मोडी कागदपत्रं वाचतो त्यामुळे माझं लक्ष कायम दफ्तराकडे जातं. तर तीन प्रसंग सांगतो.

1948. इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात सात लाखांवर माणसं घरदार सोडून गेली किंवा घालवली गेली, चारशेच्या वर गावं रिकामी झाली, तेच ज्याला नकबा म्हणतात. जेरुसलेमच्या पश्चिम भागात शिकल्यासवरल्या पॅलेस्टिनी कुटुंबांचे बंगले होते, घराघरांत पुस्तकांची कपाटं होती. त्या घरांतून साधारण 30,000 पुस्तकं गोळा करून इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेली. त्यातल्या सहाएक हजार पुस्तकांवर "बेवारस मालमत्ता" असा शिक्का आहे आणि ती अजून तिथेच आहेत. आतल्या पानावर मालकाची सही आणि वर बेवारस म्हणून शिक्का.

1982. बैरुतमध्ये इस्रायली सैन्य शिरलं तेव्हा पीएलओच्या संशोधन केंद्राचं सगळं दफ्तर ट्रकांत भरून नेलं. पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत ते परत दिलं, म्हंजे कागद सोडवायला माणसं सोडवतात तशी बोलणी करावी लागली!

2023. गाझा शहराच्या नगरपालिकेचं मध्यवर्ती अभिलेखागार जळालं. जुने इमारतींचे नकाशे, शहराच्या आखणीची कागदपत्रं, शंभर वर्षांपलीकडचे कागद. रशाद शव्वा सांस्कृतिक केंद्र पडलं, ग्रेट ओमरी मशिदीचा मोठा भाग कोसळला, जुना पाशाचा वाडा जिथे म्युझियम होतं तोही गेला. युनेस्कोने नुकसान पडताळलेल्या गाझातल्या वारसास्थळांची संख्या शंभराच्या पुढे गेलीय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की या लोकांनी देश नसताना स्वतःची संस्कृती टिकवून दाखवलीय, आजीच्या तोंडी, लुगड्यावर, स्वयंपाकघरात, पण प्रत्येक पिढीत कुणीतरी येऊन कपाट रिकामं करून जातं. कपाटाला कुलूप लावायचा हक्क म्हंजे देश. मान्यतेचा संस्कृतीशी संबंध आहे तो इथे. तुम्हाला काय वाटतं?

निंबोणी

लेख चांगलाय पण वाचताना सारखं वाटत होतं की ही वेळ आहे का हे बोलायची? गाझाच्या आरोग्य खात्याचे आकडे 67,000 च्या वर गेलेत, त्यात पोरं किती, लोक तंबूत राहतायत, पिठाच्या रांगेत माणसं मेली, आणि आपण पुस्तकांवरचे शिक्के मोजतोय. आधी माणूस जगू दे, संस्कृतीचं नंतर बघता येईल. राग मानू नका, मनापासून वाटलं ते लिहिलं.

मोडीवाचक

निंबोणीताई, राग कसला. जीव पहिला हे मान्यच. पण तिथल्या लोकांनीच हे असं वेगळं काढलेलं नाहीये. बॉम्बवर्षाव चालू असताना लोकांनी घरातून काय उचललं त्याचे फोटो बघा, पाण्याचे कॅन, गाद्या, आणि कागदांची पिशवी. जमिनीचा दाखला, निर्वासित म्हणून यूएनआरडब्ल्यूएचं (पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था) कार्ड, शाळेचं सर्टिफिकेट. यूएनआरडब्ल्यूएकडे नोंद असलेले निर्वासित आज 59 लाखांच्या आसपास आहेत आणि 1950 पासूनचं ते रजिस्टर हाच कित्येकांचा आपल्या गावाशी उरलेला एकमेव लेखी संबंध. उद्या परत जायचं म्हटलं, नुकसानभरपाई मागायची म्हटलं, तरी आधी कागद लागणार.

टाकेवाली

मी इथे फारशी लिहीत नाही पण धाग्याच्या नावात कशिदा दिसला म्हणून आले. मी क्रॉस स्टिच करते, दोसुतीवर. त्यामुळे तत्रीझबद्दल म्हंजे पॅलेस्टिनी कशिद्याबद्दल गेली काही वर्षं वाचतेय आणि थोडं शिकतेय पण.

1948 च्या आधी बाईच्या झग्यावरून, त्याला थोब म्हणतात, तिचं गाव ओळखायचे. रामल्लाकडे पांढऱ्या नाहीतर काळ्या लिननवर लालभडक टाके, बेथलेहेमला वेगळंच काम, रेशमी आणि जरीची दोरी कापडावर वळवत वळवत बसवायची नि बारीक टाक्याने पकडायची, आपल्याकडच्या जरदोसीवाल्या बाईने बघितलं तर लगेच ओळखेल हात कसा चालला असेल. नमुन्यांची नावं पण छान आहेत, सुरूचं झाड, पाशाचा तंबू, बेथलेहेमचा चंद्र. छातीवरचा चौकोनी तुकडा असतो त्यावर सगळ्यात दाट काम, आणि झगा विरला तरी तो तुकडा उसवून नव्या झग्याला लावायचे.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. मजदल नावाचं विणकरांचं गाव होतं, आजचं अश्कलोन. तिथलं कापड गाझापासून हेब्रॉनपर्यंतच्या बायका झग्याला वापरायच्या. एका कापडाचं नाव होतं "जन्ना व नार", म्हंजे स्वर्ग आणि आग. गडद कापड आणि काठाला हिरव्या नि लालसर पट्ट्या. 1948 नंतर आणि उरलेले 1950 पर्यंत हे विणकर गाझात आले, नेता येईल ते घेऊन आले आणि छावणीत पुन्हा माग लावले. कापड तेच, नाव मजदलचंच, पण विणलं जायचं गाझात. नंतर स्वस्त कापड आलं, बाजार गेला, माग कमी कमी होत गेले.

आणि छावण्यांत झालं काय की वेगवेगळ्या गावच्या बायका शेजारी शेजारी राहायला लागल्या, एकमेकींचे नमुने उचलले, मग गावाचा झगा हळूहळू पॅलेस्टाईनचा झगा झाला. पहिल्या इंतिफादात, म्हंजे 1987 ला सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावात, झेंडा लावायला बंदी होती, 1967 ला इस्रायलने ताबा घेतला तेव्हापासून होतीच, तर बायकांनी झग्यावरच झेंड्याचे रंग, नकाशा, कबुतरं भरली. झेंडा खांबावरून उतरवता येतो पण बाईच्या अंगावरचा कसा उतरवणार. 2021 मध्ये युनेस्कोने तत्रीझला अमूर्त वारसा यादीत घेतलं आणि अर्ज पॅलेस्टाईन या सदस्य देशाच्या नावाने होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण तोपर्यंत हे झगे कुठे कुठे नुसते "पवित्र भूमीतली वेशभूषा" म्हणून दाखवले जायचे, कुणाची ते लिहायचंच नाही.

निंबोणी, तुमचं बरोबर आहे पण छावणीतल्या बायकांनी कशिदा पोटासाठीच केला हो. विकून घर चालवलंय त्यांनी. पोट आणि संस्कृती तिथे एकाच सुईत आहे.

सडेतोड

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. पॅलेस्टाईन नावाचं राष्ट्र इतिहासात कधी होतं का? तुर्कांचं राज्य होतं, मग इंग्रजांचं. गांधींनी 1938 ला हरिजनमध्ये अरबांची बाजू घेतली पण सावरकरांनी डिसेंबर 1947 मध्येच ज्यू राष्ट्राला जाहीर पाठिंबा दिला होता हे पण लिहा ना. दुसरं, देश द्यायचा तर कुणाच्या हातात? शेवटची संसदीय निवडणूक 2006 ला झाली, हमासला 132 पैकी 74 जागा, पुढच्या वर्षी गाझा हमासकडे आणि वेस्ट बँक अब्बास यांच्या फतह पक्षाकडे. अध्यक्ष अब्बास 2005 ला निवडून आले ते अजून आहेत. 2021 ला निवडणूक लावली नि रद्द केली. आणि 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली, 251 पळवून नेली, त्याचं काय? कशिदा सुंदर आहे म्हणून देश मिळत नसतो.

मोडीवाचक

सडेतोड, मुद्दे नीट मांडलेत म्हणून नीट उत्तर देतो.

7 ऑक्टोबरला जे केलं ते अमानुष होतं. घरात शिरून म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना मारणं, ओलीस नेणं, याला "पण" लावून काही बोलायची माझी तयारी नाही. आणि त्याचा सूड म्हणून वीस लाख लोकांच्या डोक्यावर जे आलं त्यालाही मी "पण" लावणार नाही.

राष्ट्र होतं का याबद्दल. राज्य नव्हतं, खरंय. पण तुर्कांच्या काळातच, 1911 मध्ये, याफा शहरातून "फलस्तीन" नावाचं अरबी वर्तमानपत्र निघायला लागलं होतं. ज्या लोकांना आपण एक आहोत याची जाणीवच नाही ते वर्तमानपत्राला हे नाव कशाला देतील? इंग्रजांनी 1925 मध्ये पॅलेस्टाईनचं नागरिकत्व कायद्याने ठरवलं, 1927 ची नाणी बघा, इंग्रजी, अरबी आणि हिब्रू तिन्ही लिपींत नाव आहे. तुर्क गेल्यावर सीरिया, लेबनॉन, इराक, जॉर्डन हे सगळेच तसे "आधी नसलेले" देश झाले, त्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

सरकारचं जे लिहिलंत ते मात्र शंभर टक्के बरोबर आणि तिथली तरुण पोरंच ते सगळ्यात जोरात बोलतात. वीस वर्षं मतदान नाही, म्हंजे ज्यांचं वय आज पस्तीसच्या आत आहे त्यांनी संसदेसाठी कधी मतच दिलेलं नाही. 2021 ची निवडणूक रद्द करताना पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देत नाहीत हे कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, पण त्याच्या आड खुर्ची सांभाळली गेली असं मला वाटतं. फक्त एक सांगा, सरकार नालायक आहे म्हणून लोकांचा देशाचा हक्क जातो हा नियम लावला तर किती देश उरतील?

नवगावकर_अश्दोद

नमस्कार. मी इस्रायलमधून लिहितेय. आम्ही बेने इस्रायल, म्हंजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे, माझ्या आईचं बालपण रेवदंड्याला गेलं. घरात अजून मराठी चालते, कुणाचं काही चांगलं झालं की मलिदा होतो, पोहे, नारळ, फळं, एलियाहू हानाबीचं, म्हंजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन. इकडून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघायचं ते आमच्याकडे यायचं. हे सांगतेय कारण तुमच्या चर्चेत आम्ही पण आहोत.

ऑक्टोबरमध्ये आमच्या शहरावर रॉकेटं पडत होती, सायरन वाजला की आईला धरून जिन्यात बसायचो. भीती काय असते ते मला कुणी सांगायची गरज नाही. 1948 नंतर अरब देशांतून पण आठ लाखांच्या आसपास ज्यूंना निघावं लागलं, बगदादचे, येमेनचे, इजिप्तचे, त्यांची पण घरं आणि दफ्तरं मागे राहिली, ते तुमच्या लेखात कुठेच आलं नाही. यावं असं मला वाटतं.

पण आता दुसरं पण सांगते. आमचे लोक इथे आले तेव्हा धर्मपीठाने विचारलं की तुम्ही खरे ज्यू आहात का, लग्नं लावायला तयार नव्हते. 1962 पासून आमच्या माणसांनी आंदोलन केलं, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारने ठणकावून सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत. तू तू नाहीसच, असं कुणी म्हटलं की आत काय होतं ते आमच्या घरात माहितीये. म्हणून "पॅलेस्टिनी असं कुणी नाहीच" हे वाक्य मी माझ्या मुलांना बोलू देत नाही.

माझी मावशी लोदला राहते, तिथे आपली बरीच माणसं आहेत. लोद म्हंजे जुनं लिद्दा. जुलै 1948 मध्ये तिथून आणि शेजारच्या रामलातून (वेस्ट बँकमधलं रामल्ला वेगळं) पन्नास हजारांवर माणसं उन्हातान्हात चालत बाहेर काढली. मावशीला हे तिच्या शेजारणीने सांगितलं, शेजारीण अरब आहे, तिचं घराणं मागे राहिलेल्या थोड्यांपैकी. आमच्या अश्दोदच्या बाहेर इस्दूद गाव होतं, तिथली माणसं गाझात गेली, पडकी मशीद अजून उभी आहे. शाळेत आम्हाला हे शिकवलं नाही. मला माझा देश हवाय आणि तो सुरक्षित हवाय, आणि त्यांना त्यांचा मिळाल्याशिवाय तो सुरक्षित होईल असं मला आता वाटत नाही. इथे हे बोलणारे कमी आहेत आणि 2023 नंतर आणखी कमी झालेत.

निंबोणी

नवगावकरताई, हे लिहायला धैर्य लागतं. आईला सांभाळा.

मोडीवाचक

ताई, मनापासून आभार. अरब देशांतल्या ज्यूंचं तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात हवंच होतं. एकाच्या उजाड घराने दुसऱ्याचं उजाड घर फिटत नाही, दोन्हींच्या नोंदी असायला हव्यात.

आता मूळ प्रश्न, मान्यतेने फरक काय पडतो. मला एक उदाहरण अगदी जवळून माहिती आहे, कागदांवरून का होईना. बत्तीर गाव.

बेथलेहेमच्या पश्चिमेला डोंगरउतारावरचं गाव. उतारभर दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यावर ऑलिव्ह, द्राक्षं, आणि खाली झऱ्याच्या पाण्यावर भाजीपाला. तिथली वांगी प्रसिद्ध आहेत. झऱ्याचं पाणी रोमन काळापासूनच्या हौदात साठतं आणि पाटांनी वाटलं जातं. गावात मुख्य घराणी आठ, प्रत्येकाचा पाण्याचा दिवस ठरलेला, म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा! हौदात खुणा केलेली काठी घालून पाणी मोजायचे आणि घराण्यातल्या घरांना वाटून द्यायचे.

1948 च्या लढाईत बरेचसे लोक गाव सोडून गेले. हसन मुस्तफा नावाचे गावचे शिकलेले गृहस्थ मोजक्या माणसांना घेऊन मागे थांबले, रात्री रिकाम्या घरांत दिवे लावायचे, दोरीवर कपडे वाळत घालायचे, म्हंजे लांबून गाव भरलेलं वाटावं. याफा-जेरुसलेम रेल्वे गावाखालून जाते, ती इस्रायलला हवी होती. 1949 च्या शस्त्रसंधीत असं ठरलं की गावकरी रेल्वेला धक्का लावणार नाहीत आणि रुळापलीकडची आपली शेतं कसत राहतील. तो शब्द त्यांनी पाळला, पिढ्यान् पिढ्या.

मग 2000 नंतर वेस्ट बँकमध्ये इस्रायलची विभाजक भिंत आली आणि आखणी नेमकी या पायऱ्यांमधून. गाव कोर्टात गेलं. इकडे ऑक्टोबर 2011 मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्य करून घेतलं होतं, 107 विरुद्ध 14 मतांनी, अमेरिकेने त्या रागाने युनेस्कोचे पैसे बंद केले. सदस्य झाल्यामुळे पॅलेस्टाईनला जागतिक वारसा यादीसाठी स्वतःच्या नावाने अर्ज करता यायला लागला. जून 2014 मध्ये बत्तीर तातडीच्या प्रक्रियेने यादीत आलं आणि जानेवारी 2015 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली भिंत थांबवली. इस्रायलच्याच निसर्ग आणि उद्यान खात्याने पण भिंतीला विरोध केला होता, पर्यावरणवाले सोबत होते, सगळ्यांचा हातभार लागला. पण यादीत नाव नसतं तर काम अजून अवघड झालं असतं. कागदी मान्यता म्हणतो ना आपण, त्या कागदाने दगडी बांध वाचवले. बत्तीरच्या आसपास इस्रायली वस्त्यांचा दबाव अजून आहे, संपलेलं काही नाही, पण झरा आणि पाट जागेवर आहेत.

पाटकरी

दादा वाचून अंगावर काटा आला. मी साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. आमच्याकडे फड पद्धत, नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि जमिनीचे फड पाडलेले, कुठल्या फडाला कुठलं पीक आणि कुणाला कधी पाणी हे गाव ठरवतं. माझे आजोबा पाटकरी होते, पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं. तीनशे वर्षांवर जुनी पद्धत आहे, धरणं झाल्यावर आणि विहिरी-मोटारी आल्यावर बऱ्याच ठिकाणी मोडली. आमच्याकडं ती मोडली तरी जमीन आमचीच राहिली, सातबारा आमच्याच नावावर. बत्तीरमध्ये पाळी मोडली असती तर पाठोपाठ जमीनच गेली असती, कारण कसली नाही की सरकारी जमीन म्हणून ताब्यात घेतात असं मी वाचलंय, बरोबर ना?

मोडीवाचक

बरोबर. 1858 चा तुर्की जमीन कायदा आहे, ठराविक वर्षं सलग कसली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते, तोच आधार धरून 1967 नंतर, विशेषतः ऐंशीच्या दशकात, वेस्ट बँकमधली मोठी जमीन "सरकारी" म्हणून जाहीर केली आणि बरीचशी वस्त्यांना गेली. 1968 मध्ये लष्करी आदेशाने जमिनीच्या मोजणी-नोंदणीचं काम थांबवलं ते जॉर्डनच्या काळात अर्धवट झालेलं, त्यामुळे बहुतेक जमिनीला पक्की नोंदच नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरला ऑलिव्ह काढायला घरातली झाडून सगळी माणसं जातात, शहरात नोकरी करणारी पण. तेल तर हवंच, पण झाडाखाली उभं राहणं हाच तिथला सातबारा झालाय. म्हणूनच त्याच दिवसांत वस्तीवाल्यांकडून झाडं तोडणं, मारहाण हे प्रकार सगळ्यात जास्त होतात.

रानभाजीचं पण तसंच. झातर म्हंजे तिकडचा रानओवा, तो खुडायला 1977 मध्ये इस्रायलने बंदी घातली, संरक्षित वनस्पती म्हणून, नंतर अक्कूब नावाच्या काटेरी भाजीवर पण. म्हाताऱ्या बायकांना दंड झालेत पिशवीभर भाजीसाठी. दोन हजार वीसच्या सुमारास घरापुरतं खुडायला सूट मिळाली.

सडेतोड

बत्तीरचं माहिती नव्हतं, चांगलं लिहिलंय. तरीही माझा प्रश्न गाझाबद्दल. तिथे युनेस्कोच्या यादीने काय वाचलं?

टाकेवाली

मी सांगू का. सेंट हिलेरियनचा मठ, नुसैरातजवळ, चौथ्या शतकातला, जमिनीवर मोझॅक आहेत. डिसेंबर 2023 मध्ये युद्ध चालू असताना त्याला युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्याच्या हेग कराराखाली वाढीव संरक्षण दिलं आणि जुलै 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. ती बैठक कुठे होती माहितीये? दिल्लीत, भारत मंडपममध्ये. त्याच अधिवेशनात आपले आसामचे मोईदाम, म्हंजे अहोम राजघराण्याची दफनस्थळं, यादीत आले, तेवढीच बातमी आपल्याकडे गाजली.

मोडीवाचक

सडेतोड, प्रामाणिक उत्तर म्हंजे, फार थोडं वाचलं. पण एक गोष्ट लिहितो. ओमरी मशिदीच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं होती, काही शतकांपूर्वीची. युद्धाआधीच तिथल्या लोकांनी परदेशी ग्रंथालयांच्या मदतीने ती एकेक पान स्कॅन करून ठेवली होती, दोनशेच्या वर हस्तलिखितं. मशीद पडली तरी पानं वाचता येतायत. बीरझैतच्या पॅलेस्टिनी म्युझियमने पण घराघरांतले फोटो, पत्रं, लग्नपत्रिका, जमिनीचे कागद घेऊन डिजिटल संग्रह केलाय, मूळ कागद घरच्यांना परत देतात. मोडी कागदांचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा संग्रह जरूर बघावा, नोंदी कशा केल्यात ते शिकण्यासारखं आहे. पण सर्व्हर परक्या देशात ठेवावा लागतो, वीज कापली जाईल, इमारत पडेल ही भीती कायम. तिथे परत मूळ मुद्द्यावर येतो आपण.

सायली_एमए

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. दादा, 157 देश मानतात तरी संयुक्त राष्ट्रांत पूर्ण सदस्य का नाही? आणि आत्ता नक्की दर्जा काय आहे? परीक्षेलाही येईल म्हणून विचारतेय आणि समजून पण घ्यायचंय.

मोडीवाचक

सायली, सदस्य व्हायला आधी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, 15 पैकी 9 मतं आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचाही नकाराधिकार नको. मग महासभेत दोन तृतीयांश. एप्रिल 2024 मध्ये परिषदेत 12 मतं बाजूने पडली, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ, आणि अमेरिकेने व्हेटो वापरला. तिथेच अडलं. 2012 पासून दर्जा आहे "सदस्य नसलेला निरीक्षक देश", ते मतदान 29 नोव्हेंबरला मुद्दाम घेतलं, 1947 च्या फाळणीच्या ठरावाची तीच तारीख. 138 बाजूने, 9 विरोधात, 41 तटस्थ. त्या दर्जामुळे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सामील होता आलं. मे 2024 मध्ये महासभेने 143 मतांनी आणखी काही हक्क दिले, ठराव मांडायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, भारताचं मत बाजूने होतं. मत द्यायचा हक्क अजून नाही. जुलै 2024 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की पॅलेस्टिनी भागावरचा इस्रायलचा 1967 पासूनचा ताबाच बेकायदा आहे, तो पण वाच, कारण त्यात वस्त्या, जमीन, पाणी सगळ्यावर वेगवेगळे परिच्छेद आहेत.

आणि सप्टेंबर 2025 मधलं न्यूयॉर्क जाहीरनाम्यावरचं मतदान बघ, 142 विरुद्ध 10, भारत बाजूने. त्यात दोन देशांचा आराखडा आहे आणि हमासने शस्त्रं खाली ठेवावीत असंही म्हटलंय, म्हंजे सडेतोड यांचा प्रश्न तिथेही चर्चेला आला होता.

बसायच्या जागेचं पण लिहून ठेव. सप्टेंबर 2024 पासून पॅलेस्टाईनचा प्रतिनिधी महासभेत इतर देशांसोबत "स्टेट ऑफ पॅलेस्टाईन" या नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने बसतो, श्रीलंका आणि सुदानच्या मध्ये. आधी सदस्य नसलेल्यांच्या रांगेत बसायला लागायचं. पुढच्या मतदानांच्या नोंदी मी याच धाग्यात टाकत जाईन, नवगावकरताई तुम्हीही तिकडचं लिहीत राहा.